वाचकांचे प्रश्न : अंगाने थोराड बाळ आणि रक्तातली उतरलेली साखर

नवजात बाळाच्या पहिल्या आठवड्यातील तपासण्यांविषयी मागील अंकात लिहिले होते. त्यानंतर मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे जन्मतः मोठ्या असलेल्या बाळांची आणि त्यांच्या रक्तातील कमी साखरेची आहेत. हा विषय वरवर दुर्मीळ वाटला, तरी त्यात वेळ दवडल्यास होणारे नुकसान भरून येत नाही. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचे पहिले बाळ सदतिसाव्या आठवड्यात जन्मले. वजन ४.२ किलो भरले. जीभ मोठी असून ती ओठांबाहेर येते आणि बेंबीही फुगलेली आहे. जन्मानंतर काही तासांतच साखर २८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत उतरली आणि बाळाला काचेत ठेवावे लागले. डॉक्टरांनी बेकविथ-वीडेमन सिंड्रोमची शंका सांगितली. घरात एक जाणकार म्हणाले की ग्रोथ हॉर्मोन वाढल्यामुळे असे होते. तपासणीच्या कागदावरही ग्रोथ हॉर्मोनचा आकडा मोठ्या माणसांच्या मर्यादेहून जास्त दिसतो. हे खरे आहे का? एवढ्या धष्टपुष्ट बाळाला साखर कमी कशी पडते? पुढे ते अवाढव्य होईल का? (एक वडील, भांडुप)

उत्तर : बाळाचा आकार आणि त्याची उतरलेली साखर, या दोन्हींच्या मुळाशी ग्रोथ हॉर्मोन नाही, हे आधी सांगते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येणारे हे संप्रेरक जन्मानंतर काही महिन्यांनी उंचीवर खरा ताबा मिळवते. गर्भातील वाढ प्रामुख्याने इन्सुलिन आणि इन्सुलिनशी साम्य असलेले दोन वाढ-घटक यांच्या जोरावर होते. त्यामुळेच ज्या बाळांच्या पियुषिकेत हे संप्रेरक जन्मतःच तयार होत नाही, तीही बहुधा जवळपास नेहमीच्या वजनाची आणि लांबीची जन्मतात. पहिल्या काही दिवसांत निरोगी बाळांच्या रक्तातही ग्रोथ हॉर्मोन मोठ्या माणसांच्या मानाने पुष्कळ जास्त असते, त्यामुळे कागदावर छापलेल्या प्रौढांच्या मर्यादेशी तुमच्या बाळाचा आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही.

मग वाढ कशामुळे झाली? अकराव्या गुणसूत्राच्या एका टोकाजवळ काही जनुके अशी आहेत, की त्यांची आईकडून आलेली प्रत चालू असते आणि वडिलांकडून आलेली मिटलेली असते, किंवा याच्या उलट असते. वाढीला जोर देणाऱ्या आयजीएफ-२ या जनुकाची वडिलांकडची प्रत काम करते, तर वाढ आवरणाऱ्या सीडीकेएन१सी या जनुकाची आईकडची. या व्यवस्थेत बिघाड झाला की जोर दुप्पट होतो किंवा आवर सुटतो. १९६३ मध्ये बेकविथ यांनी आणि १९६४ मध्ये वीडेमन यांनी स्वतंत्रपणे या बाळांची वर्णने केली, म्हणून दोघांची नावे जोडली गेली. साधारण १०,००० जन्मांमागे एका बाळात हा विकार आढळतो. मोठी जीभ, बेंबीपाशी पोटाच्या भिंतीतील दोष, कानाच्या पाळीवर बारीक घडी किंवा कानामागे टाचणीने टोचल्यासारखे खळगे, कपाळावर लालसर डाग आणि शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी, या त्याच्या खुणा आहेत. त्या सगळ्याच प्रत्येक बाळात दिसतात असे नाही.

आता साखरेचे पाहू. गर्भात नाळेतून साखर अखंड येत असते. जन्मानंतर नाळ कापली की तो पुरवठा थांबतो. निरोगी बाळाचीही साखर पहिल्या एक-दोन तासांत खाली येते, पण त्याबरोबर इन्सुलिनही उतरते, यकृत आपल्या साठ्यातून साखर सोडू लागते, चरबीपासून कीटोन तयार होतात आणि मेंदूला हे पर्यायी इंधन मिळते. तुमच्या बाळाच्या स्वादुपिंडातून मात्र गरज नसतानाही इन्सुलिन वाहत राहते. ते यकृतातला साठा उघडू देत नाही आणि चरबीही विरघळू देत नाही. म्हणजे साखरही नाही आणि कीटोनही नाहीत. अंगावर चरबीचे थर असूनही मेंदू उपाशी राहतो. ‘बाळ चांगले गुटगुटीत आहे, त्याला काय होणार’ हे वाक्य मी प्रसूतिकक्षाबाहेर पुष्कळदा ऐकते आणि दर वेळी अस्वस्थ होते, कारण या बाळांच्या बाबतीत आकार हीच धोक्याची सूचना असते.

ग्रोथ हॉर्मोनचा साखरेशी संबंध आहे, पण तो तुमच्या जाणकारांनी सांगितला त्याच्या नेमका उलट आहे. कॉर्टिसॉल, ग्लुकॅगॉन आणि अ‍ॅड्रिनलिन यांच्याप्रमाणेच ते साखर वर ठेवणारे संप्रेरक आहे. ते कमी असेल तर नवजात बाळाची साखर उतरते. अशा बाळाचा आकार मोठा नसतो, मुलगा असेल तर शिश्न फार लहान असू शकते आणि कावीळ लांबते.

अतिवाढीच्या इतर विकारांतही चित्र फार वेगळे नाही. सोटोस सिंड्रोममध्ये पाचव्या गुणसूत्रावरील एनएसडी१ या जनुकात दोष असतो. डोके मोठे, बाळ लांब, आणि काहींना सुरुवातीला साखर कमी पडते, तरीही ग्रोथ हॉर्मोन नेहमीसारखेच असते.

बेकविथ-वीडेमन असलेल्या सुमारे ३० ते ६० टक्के बाळांना सुरुवातीला साखरेचा त्रास होतो. बहुतेकांचा तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो आणि थोड्यांनाच दीर्घकाळ औषध लागते. अवाढव्य होण्याची भीती मनातून काढून टाका. साधारण सात-आठ वर्षांनंतर वाढीचा वेग मंदावतो आणि मोठेपणी उंची बहुतेकदा नेहमीच्या मर्यादेतच, तिच्या वरच्या बाजूस राहते. बुद्धीही बहुतांश मुलांची उत्तम असते. ती तशी राहावी यासाठी आजची साखर सांभाळायची आहे, म्हणून बाळाला काचेत ठेवल्याचे वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : माझ्या नातवाची साखर कमी आहे. दर दोन-तीन तासांनी टाचेला सुई टोचतात, टाचा काळ्यानिळ्या झाल्या आहेत. आमच्या वेळी मध चाटवत, घुटी देत. साखरच कमी असेल तर चमचाभर साखरपाणी दिल्याने काय बिघडते? (एक आजी, गिरगाव)

उत्तर : आजी, तुमचा जीव तुटतो हे समजते. पण मध मुळीच देऊ नका. मधात काही वेळा असे जिवाणू-बीज असते, की ज्यामुळे वर्षाच्या आतील बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे करणारा आजार होऊ शकतो. साखरपाण्याने साखर क्षणभर वर जाते, त्याला उत्तर म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते आणि ती पुन्हा घसरते. शिवाय पोट पाण्याने भरल्यावर बाळ चीक ओढत नाही. पहिल्या तासात अंगावर घेणे, आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून ऊब देणे आणि दर दोन ते तीन तासांनी पाजणे, या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. गारठलेले बाळ साखर भराभर खर्च करते, म्हणून टोपी-मोजे काढू नका.

जीभ मोठी असल्यास बाळ स्तनाग्र नीट पकडू शकत नाही. ते दूध ओढताना दिसते, पण घोट खाली जात नाही, दूध ओठाच्या कोपऱ्यातून गळते आणि दहा मिनिटांत बाळ दमून झोपते. घरच्यांना वाटते, पोट भरले. अशा वेळी दूध काढून वाटी-चमच्याने किंवा नळीने द्यावे लागते. ते कसे द्यायचे हे परिचारिका शिकवतील.

सुई टोचण्याचे कारण असे, की साखर कमी झाल्याचे बाहेरून कळेलच याचा भरवसा नसतो. हातपाय थरथरणे, सुस्ती, दूध न ओढणे, अंग गार पडणे, निळसर होणे, श्वास अडखळणे, झटके येणे ही लक्षणे आहेत, परंतु कित्येक बाळे आकडा धोक्याच्या खाली गेला तरी शांत पडून असतात. दूध पाजण्याआधीच रक्त घेतले पाहिजे, कारण साखर सर्वांत खाली असते ती तेव्हाच. टाच आधी कोमट कापडाने शेकली आणि तळव्याच्या मधोमध न टोचता कडेला टोचले, तर त्रास कमी होतो. एवढी विनंती तुम्ही जरूर करा.

प्रश्न : मी एका प्रसूतिगृहात परिचारिका आहे. ग्लुकोमीटरवर ४४ दिसले आणि बाळ ठीक दिसत असेल, तर काही डॉक्टर थांबतात, काही लगेच सलाईन लावतात. मोठ्या बाळांसाठी नियम वेगळा असतो का? इन्सुलिन जास्त आहे हे ओळखायचे कसे? (मुलुंड)

उत्तर : ग्लुकोमीटर चाळणीसाठी चांगला आहे, निदानासाठी नाही. नवजात बाळाचे रक्त दाट असते आणि कमी आकड्यांत यंत्राची चूक वाढते. म्हणून ४४ दिसताच फ्लुओराइडच्या नळीत रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवा, मात्र अहवालाची वाट पाहत उपचार लांबवू नका. नळी तासभर टेबलावर पडून राहिली तर रक्तपेशी साखर खातात आणि आकडा खोटाच कमी येतो, हेही ध्यानात ठेवा.

अन्यथा निरोगी बाळाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ४४ या आकड्यावर दूध पाजून पुन्हा तपासणे पुरेसे ठरू शकते. अतिवाढीच्या खुणा असलेल्या बाळाला ही सवलत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याच्याजवळ कीटोनचा आधार नसतो. दोन-तीन दिवसांनंतर साखर ६० च्या वर आणि इन्सुलिनचे आधिक्य सिद्ध झाल्यावर ७० च्या वर ठेवावी.

ओळखण्याची पहिली खूण तुमच्या सिरिंज पंपावरच असते. निरोगी नवजात बाळाला दर किलोला दर मिनिटास ४ ते ६ मिलिग्रॅम ग्लुकोज पुरते. ८ ते १० पेक्षा जास्त देऊनही साखर टिकत नसेल, तर इन्सुलिनचा संशय घ्यावा. हिशेब मांडून पाहा. ४ किलोच्या बाळाला ८ मिलिग्रॅमच्या वेगाने ग्लुकोज द्यायचे तर तासाला सुमारे १.९ ग्रॅम लागते. १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचे द्रावण) वापरले तर तासाला १९ मिलिलिटर, दिवसाला सुमारे ४६० मिलिलिटर, म्हणजे दर किलोला ११५ मिलिलिटर पाणी आत जाते. पहिल्या दिवशी एवढे पाणी बाळाला झेपत नाही. म्हणून द्रावण तीव्र करावे लागते, आणि १२.५ टक्क्यांहून तीव्र द्रावण हाताच्या शिरेतून देता येत नसल्याने बेंबीच्या शिरेत नळी घालावी लागते. अशी सोय नसलेल्या प्रसूतिगृहातून बाळाला वेळेत हलवणे हाच उपचार असतो. हलवतानाही सलाईन बंद पडता कामा नये.

साखर ५० च्या खाली असताना, ती वर आणण्याच्या आधीच्या दोन मिनिटांत घेतलेले रक्त सोन्याच्या मोलाचे असते. त्यातून इन्सुलिन, सी-पेप्टाइड (इन्सुलिनबरोबरच स्वादुपिंडातून सुटणारा घटक), कीटोन, मुक्त मेदाम्ले, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन पाहतात. साखर एवढी उतरलेली असताना रक्तात इन्सुलिन सापडूच नये. ते सापडले, कीटोन आणि मेदाम्ले कमी निघाली, आणि ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासात साखर ३० ने किंवा त्याहून जास्त चढली, तर निदान पक्के होते. याच नमुन्यात ग्रोथ हॉर्मोन किंवा कॉर्टिसॉल कमी दिसले म्हणून घाईने त्यांच्या कमतरतेचा शिक्का मारू नये. इन्सुलिनमुळे साखर पुन्हापुन्हा उतरत असलेल्या बाळांत ही संप्रेरके पुरेशी न उसळणे सर्रास आढळते.

प्रश्न : मला गरोदरपणात मधुमेह होता. मुलगी ४.१ किलोची झाली, दोन दिवस साखर कमी होती, तिसऱ्या दिवशी सुरळीत झाली. मोबाईलवर वाचून झोप उडाली आहे. तिलाही असाच सिंड्रोम असेल का? (चेंबूर)

उत्तर : तुम्ही सांगता त्यावरून तसे वाटत नाही. मुंबईत मोठ्या बाळांच्या कमी साखरेचे मधुमेही माता हेच सर्वांत नेहमीचे कारण आहे. आईची जादा साखर नाळेतून जाते, बाळ त्यासाठी जास्त इन्सुलिन तयार करते, आणि जन्मानंतर ते शांत व्हायला एक-दोन दिवस लागतात. बालरोगतज्ज्ञांनी जीभ, बेंबी, कान आणि दोन्ही पायांची जाडी एकदा पाहिली असेल आणि सगळे ठीक असेल, तर जनुकीय तपासणीची गरज नाही. तुमची स्वतःची ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी मात्र प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांत करून घ्या. बाळाच्या गडबडीत नेमकी तीच राहून जाते.

प्रश्न : आमचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. बेकविथ-वीडेमनचे निदान झाले असून डायझॉक्साइड हे इन्सुलिन आवरणारे औषध चालू आहे. पाठीवर, कपाळावर दाट केस आले आहेत. औषध बंद करावे का? पुढच्या महिन्यात जिभेच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारले आहे. दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी खरेच लागते का? (एक आई, घाटकोपर)

उत्तर : औषध स्वतःहून बंद करू नका. केस हा डायझॉक्साइडचा ठरलेला परिणाम आहे आणि औषध थांबल्यावर काही महिन्यांत ते गळून जातात. काळजी करायची ती दुसऱ्या परिणामाची. हे औषध शरीरात पाणी धरून ठेवते. पापण्या किंवा पाय सुजले, वजन एकदम वाढले, लघवी कमी झाली किंवा श्वास जलद झाला, तर त्याच दिवशी दाखवा. याच कारणासाठी डायझॉक्साइडबरोबर बहुधा लघवी वाढवणारे औषध दिलेले असते, त्याचा डोसही चुकवू नका. औषध कमी करण्याची वेळ आली की रुग्णालयात उपाशी ठेवून, साखर मोजत ते ठरवतात. डायझॉक्साइडने भागत नसल्यास ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने आणि क्वचित स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया हे पुढचे मार्ग आहेत.

जिभेच्या शस्त्रक्रियेआधी एक गोष्ट भूलतज्ज्ञांना स्वतः सांगा, कागदावर लिहिली आहे म्हणून गप्प राहू नका. इतर मुलांप्रमाणे या मुलाला सलाईनशिवाय उपाशी ठेवायचे नाही. उपवास सुरू होताच ग्लुकोजचे सलाईन हवे आणि साखरेवर लक्ष हवे. मोठ्या जिभेमुळे श्वासनलिकेत नळी घालणेही अवघड जाऊ शकते, म्हणून ही शस्त्रक्रिया लहान मुलांच्या भुलीचा सराव असलेल्या ठिकाणीच व्हावी. परळचे बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय आणि केईएम यांसारख्या संस्थांत निरनिराळ्या शाखांचे तज्ज्ञ एकाच आवारात भेटतात, हा मुंबईकरांचा मोठा आधार आहे.

ताप, उलटी, जुलाब या दिवसांत साखर अधिक वेळा मोजा. मूल पीत नसेल तर घरी वाट पाहू नका. ते शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. पावसाळ्यात लोकल तासन् तास अडकतात, तेव्हा तपासणीला निघताना औषधाचा पुढचा डोस, काढलेले दूध, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या पिशवीत असू द्या.

सोनोग्राफी लागते. या मुलांत पहिल्या काही वर्षांत मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर आणि यकृताचा हिपॅटोब्लास्टोमा या कर्करोगाच्या गाठी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून साधारण सात वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी पोट तपासतात. काही ठिकाणी जनुकीय प्रकार पाहून ही वारंवारता ठरवतात. यकृतासाठी रक्तातील अल्फा फीटोप्रोटीनही पाहतात. ते तान्ह्या बाळांत मुळातच जास्त असते आणि तुमच्या मुलात आणखी जास्त असू शकते, त्यामुळे एका आकड्याने घाबरू नका, तो दर वेळी उतरतो आहे ना ते पाहा. बहुसंख्य मुलांना गाठ कधीच होत नाही, आणि झालीच तर लहान असताना सापडलेली गाठ बरी करण्याची शक्यता फार चांगली असते.

प्रश्न : पहिल्या मुलीला हा विकार आहे. ती टेस्ट ट्यूब पद्धतीने झाली. सासरची मंडळी उपचारांना दोष देतात. दुसऱ्या बाळाला पुन्हा असे होईल का? (बोरिवली)

उत्तर : टेस्ट ट्यूब पद्धतीने जन्मलेल्या मुलांत हा विकार काही पट अधिक प्रमाणात आढळतो, पण तरीही तो इतका विरळ आहे, की अशा पद्धतीने जन्मलेली बहुतेक सर्व मुले यापासून मुक्त असतात. यात तुमचा दोष नाही, आणि घरात हे मोकळेपणाने सांगण्यासाठी जनुकीय सल्लागारांच्या भेटीला सासूबाईंनाही बरोबर न्या.

पुढचा धोका मुलीच्या जनुकीय प्रकारावर अवलंबून आहे. निम्म्याच्या आसपास मुलांत जनुके चालू-बंद ठेवणारी मिथाइल नावाची रासायनिक खूण पुसली गेलेली असते. आणखी सुमारे २० टक्क्यांत अकराव्या गुणसूत्राच्या त्या भागाच्या दोन्ही प्रती वडिलांकडूनच आलेल्या असतात. या दोन्ही प्रकारांत पुढच्या बाळाला तोच विकार होण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी असते. आईमध्ये सीडीकेएन१सी जनुकाचा दोष असेल तर मात्र ती ५० टक्के होते. म्हणून आधी मुलीची अकराव्या गुणसूत्राची मिथाइलेशन तपासणी पूर्ण करा. ती रक्तात स्वाभाविक आली तरी विकार नाही असे ठरत नाही, कारण दोष काही वेळा शरीराच्या थोड्याच पेशींत असतो.

पुढच्या गरोदरपणात १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत बेंबीतील दोष दिसू शकतो. मोठी मूत्रपिंडे, बाहेर येणारी जीभ आणि गर्भजल जास्त असणे हे पुढे कळते. प्रसूती अशा रुग्णालयात ठरवा, जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे, आणि नाव घालतानाच पहिल्या मुलीचा जनुकीय अहवाल तिथल्या प्रसूतितज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ या दोघांकडेही द्या.